पेआ आणि मालू: सामोअन ततावबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ऑकलंडच्या दक्षिण भागात, पापाटोएटोएला राहतो. भारतातून कोणी पाहुणे आले की शनिवारी सकाळी त्यांना ओताराच्या बाजारात नेणं हा आमचा ठरलेला कार्यक्रम. तिथे टारोच्या कंदांच्या ढिगामागे हाफ पँट घातलेला एखादा सामोअन, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरचा, गृहस्थ उभा असतो आणि त्याच्या मांड्या गुडघ्यापर्यंत काळ्या नक्षीनं भरलेल्या असतात. पाहुण्यांची नजर तिथे अडकते, आणि घरी येईपर्यंत गाडीत प्रश्नांची सरबत्ती. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यानं उत्तरं देऊन थकले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

मी सामोअन नाही आणि अभ्यासकही नाही. विमानतळाजवळच्या एका गोदामाच्या हिशेब विभागात काम करते. निम्मे सहकारी सामोअन, त्यामुळे लग्नं, मयतं, चर्चची जेवणं आणि एकदा पेआ, म्हणजे मांड्यांवरच्या त्या नक्षीचं काम, एवढं जवळून पाहिलं आहे.

हा टॅटूच ना? मग वेगळं नाव कशाला?

टॅटूच, पण नाव उलट्या बाजूनं आलं आहे. मूळ शब्द पॉलिनेशियातला, म्हणजे सामोआ, ताहिती, हवाई अशा पॅसिफिक बेटांवरचा: 'तताव'. १७६९ मध्ये कॅप्टन कुक ताहितीला पोचला, त्याच्या जहाजावरच्या लोकांनी शब्द ऐकला, आपल्या जिभेला जमेल तसा लिहिला आणि इंग्लंडला नेला. तिथून तो जगभर फिरून आपल्या कोथरूडच्या टॅटू पार्लरपर्यंत आला. 'ता' म्हणजे ठोकणं, आघात करणं. गोंदताना सुई टोचतात, इथे दातेरी हत्यार त्वचेवर ठोकतात.

सामोअन ततावचे दोन मुख्य प्रकार. पुरुषांचा 'पेआ' कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत, इतका दाट की लांबून काळी घट्ट चड्डी घातल्यासारखं वाटतं. बायकांचा 'मालू' मांडीच्या वरच्या भागापासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, पण विरळ, मधे मोकळी त्वचा ठेवून काढलेला.

हे शब्द उच्चारायचे कसे?

सामोअन लोक रोमन लिपीत लिहितात, पण त्यांचं 'जी' हे अक्षर 'ग' नाही, 'ङ' आहे. आपण हे अक्षर वाङ्मयापुरतं राखून ठेवलं आहे, ते लोक दिवसभर वापरतात. म्हणून तताव ठोकणारा कारागीर तो 'तुफुङा', आणि पेआ पूर्ण झालेला पुरुष 'सोङाइमिती'. इंग्रजी बोलणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीचा ङ जमत नाही. आम्हालाही पहिल्या दिवशी जमत नाही, पण आम्ही ते कबूल करत नाही.

प्रत्यक्ष काढतात कसं?

माझ्या सहकारिणीच्या धाकट्या भावाचा पेआ मांगेरेतल्या त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये झाला. मला एका दुपारी बोलावलं होतं. गाडी बाहेर काढलेली, शटर अर्धं खाली, जमिनीवर चटया. आत जाण्याआधी तिनं मला लाव्हालाव्हा, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, गुंडाळायला दिलं आणि बजावलं की उभं राहून बघायचं नाही, मांडी घालून बसायचं, पाय त्याच्याकडे करायचे नाहीत. मला हे शिकवावं लागलं नाही. पूजेला बसल्यासारखी बसले.

भाऊ पालथा पडलेला, हनुवटीखाली उशी. तुफुङाही जमिनीवरच बसलेला. त्याच्या डाव्या हातात 'आऊ', म्हणजे लहानशा कुदळीसारखं हत्यार: लांब दांडा आणि टोकाला काटकोनात बसवलेली दात्यांची पट्टी. उजव्या हातातल्या काठीनं तो आऊच्या दांड्यावर ठोके देत होता. टक्-टक्, टक्-टक्, इतक्या एका लयीत की थोड्या वेळानं तो आवाज ऐकू येईनासा झाला, आणि थांबला की दचकायला व्हायचं. दोन्ही बाजूंना दोन मदतनीस, ते त्वचा ताणून धरतात आणि रक्त व शाई पुसतात. त्वचा नीट ताणली नाही तर रेघ वाकडी जाते, त्यामुळे हे काम कोणाही हौशी माणसाला देत नाहीत.

पूर्वी दाते रानडुकराच्या सुळ्याचे करत, ते कासवाच्या पाठीच्या तुकड्यावर बांधत आणि तो तुकडा लाकडी दांड्याला. शाई म्हणजे 'लामा' नावाच्या तेलकट बिया जाळून धरलेली काजळी. आज बहुतेक ठिकाणी दाते स्टीलचे आणि शाई बाटलीतली. आऊ एकच नसतो. बारीक रेघांना अरुंद, मोठे भाग भरायला रुंद, असा संच असतो.

कागदावर काढलेलं चित्र समोर नसतं. खुणेपुरत्या एकदोन रेघा आखतात, बाकी सगळं तुफुङाच्या डोक्यात. सुरुवात पाठीच्या खालच्या भागातून, तिथे 'वाआ' म्हणजे होडीचा आकार येतो. शेवट बेंबीवर, त्या खुणेला 'पुते' म्हणतात. पुते झाल्याशिवाय पेआ पुरा नाही. रोज काही तास, असे बरेच दिवस. कोणाचं दोन आठवड्यांत उरकतं, कोणाचं लांबतं. दिवसाचं काम संपलं की अंघोळ आणि मग ठणकणाऱ्या जागेला चोळून काढणं. त्या मुलानं मला सांगितलं की ठोक्यांपेक्षा हे चोळणं वाईट.

दुखतं किती?

माहीत नाही, मला कोणी ठोकलेलं नाही. त्या दुपारी तो मुलगा ओरडला नाही. उशीचा कोपरा दातांत धरून होता. आजूबाजूचे गात होते, कोणी वारा घालत होतं. त्याची आई मात्र गॅरेजमध्ये फिरकलीच नाही, स्वयंपाकघरात सापासुई ढवळत बसली. सापासुई म्हणजे चॉप सुईचा सामोअन अवतार. इतकं ढवळायची त्याला गरज नव्हती.

मधेच सोडून दिलं तर?

त्याला 'पेआ मुतू' म्हणतात, तुटलेला पेआ. हा शब्द सामोअन घरात हलक्यानं कोणी उच्चारत नाही. अर्धवट नक्षी अंगावर आयुष्यभर राहते आणि नाचक्की त्या एकट्याची नसते, साऱ्या घराण्याची असते. म्हणूनच सुरू करण्याआधी आईवडिलांना, मोठ्यांना विचारायचं. 'बघू कसं वाटतं' म्हणून करायची ही गोष्ट नाही.

परंपरेनं एकट्यानं पेआ घेत नाहीत, जोडीदार लागतो. त्याला 'सोआ' म्हणतात. एकाचं चालू असताना दुसरा शेजारी, मग पाळी बदलते. आपला सोआ तग धरतो आहे आणि आपण उठून जायचं, हे जमत नाही. कोणी शोधून काढली असेल ही युक्ती, तो माणूस हुशार होता.

पूर्ण झाल्यावर काही विधी असतो का?

असतो, 'सामाङा'. अंगाला खोबरेल तेल आणि हळद लावतात आणि डोक्यावर अंडं फोडतात. हो, हळद. मी हे ऐकलं तेव्हा पहिला प्रश्न मीही तोच विचारला जो तुम्ही आता विचारणार आहात. भारतातून गेली का, वगैरे मला विचारू नका. त्यांची हळद त्यांच्याकडे फार जुनी आहे, एवढं पुरे.

पेआ म्हणजे काय? आणि मालू?

पेआ हेच त्यांच्याकडे फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळाचंही नाव. पंख अंगाभोवती लपेटून लटकलेलं वटवाघूळ डोळ्यांपुढे आणा, नक्षी का तशी दिसते ते कळेल. मालू या शब्दात आडोसा, आसरा असा अर्थ आहे, आणि गुडघ्याच्या मागे जो चौकटीसारखा आकार काढतात त्यालाही मालूच म्हणतात.

मालूवाली बाई तो सहसा दाखवत फिरत नाही. समारंभात शेवटचा नाच 'तौआलुङा' असतो, तिथे ती मधोमध नाचते आणि हालचालीत गुडघ्याजवळची नक्षी दिसते. तेवढंच. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना मालू आहे हे मला चार वर्षांनी, त्यांच्या पुतणीच्या लग्नात कळलं.

बायकांना कमी आणि पुरुषांना जास्त, असं का?

याची गंमतशीर कथा आहे. ताएमा आणि तिलाफाइङा या जुळ्या बहिणी फिजीहून ततावची हत्यारं घेऊन पोहत निघाल्या. वाटभर एकच गाणं घोकत होत्या: बायकांना ठोका, पुरुषांना नको. सामोआच्या सवाई बेटाजवळ, फालेआलुपोच्या किनाऱ्याशी, त्यांना पाण्याखाली मोठा शिंपला दिसला. त्यासाठी बुडी मारली, वर आल्या तेव्हा गाणं उलटं झालेलं. पुरुषांना ठोका, बायकांना नको.

नुसती गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. फिजीत खरोखरच गोंदण बायकांचं होतं आणि काढणाऱ्याही बायकाच. त्याला 'वेइंगिया' म्हणत, आणि मिशनऱ्यांच्या काळात ते जवळजवळ बंद पडलं. २०१५ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या फिजियन वंशाच्या कलावंत बायकांनी त्याचा शोध घ्यायला सुरुवात केली: संग्रहालयांतली हत्यारं, जुनी टिपणं, गावांतल्या आज्यांच्या आठवणी. ज्या बेटावरून कला निघाली असं कथा सांगते, तिथली कला परत शोधायला ऑकलंडच्या मुली जातात.

न्यूझीलंडमध्ये इतके सामोअन आले कुठून?

पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, न्यूझीलंडनं जर्मनांकडून पश्चिम सामोआ, म्हणजे आजचा सामोआ देश, घेतला आणि १९६२ पर्यंत स्वतःकडे ठेवला. स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतर इथल्या कारखान्यांना माणसं हवी होती, म्हणून बेटांवरून लोक आणले. १९७० च्या दशकात मंदी आली तसे तेच लोक डोळ्यात खुपायला लागले. व्हिसा संपलेल्यांना शोधायला पोलीस पहाटे घरांत घुसायचे. या 'डॉन रेड्स'ची, पहाटेच्या छाप्यांची, आठवण आमच्या गोदामातल्या साठीच्या माणसांना लख्ख आहे. १९८० च्या दशकातले आकडे सांगतात की मुदत उलटून राहिलेल्यांत पॅसिफिक बेटांवरचे जेमतेम एक तृतीयांश होते, पण खटले भरलेल्यांत ८६ टक्के तेच. ब्रिटिश आणि अमेरिकन मिळूनही जवळपास तितकेच होते. त्यांच्या दारावर पहाटे कोणी थाप मारली नाही.

१ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये सरकारतर्फे माफी मागितली. भाषणाआधी त्या खाली बसल्या आणि त्यांच्या डोक्यावरून मोठी चटई पांघरली गेली. हा 'इफोङा', सामोअन क्षमायाचनेचा विधी. ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे चटईखाली झाकून बसायचं, आणि चटई काढायची की नाही ते त्यानं ठरवायचं. चटई काढली गेली.

आज न्यूझीलंडमध्ये दोन लाखांहून जास्त सामोअन आहेत, म्हणजे खुद्द सामोआत आहेत साधारण तितकेच. शिवाय ऑस्ट्रेलिया, हवाई, कॅलिफोर्निया, युटा. त्यामुळे 'परदेशातले सामोअन' हा किरकोळ गट नाही, अर्ध्याहून मोठी जमात आहे.

मग तताव इथे कसा पोचला?

माणसांबरोबर. सुआ सुलुआपे पाउलो दुसरा हा थोर तुफुङा १९७० च्या दशकात ऑकलंडला येऊन राहिला. कामगारवस्तीतल्या घरांच्या बैठकीच्या खोल्यांत, सोफा भिंतीला सरकवून, त्यानं पेआ ठोकले. फोटोग्राफर मार्क अ‍ॅडम्सनं हे वर्षानुवर्षं टिपलं. फोटोंत फुलाफुलांचा गालिचा आहे, भिंतीवर येशूची तसबीर आहे आणि मधे जमिनीवर रक्तानं माखलेली पाठ. मला ते फोटो फार खरे वाटतात. परदेशात संस्कृती अशीच राहते, सोफा सरकवून.

१९९९ मध्ये पाउलोचा खून झाला. पण तोवर त्यानं बरंच पेरून ठेवलं होतं. सामोआत हे काम कधीच थांबलं नव्हतं. १८३० पासून मिशनरी नाकं मुरडत होते तरी चालू राहिलं, याचं श्रेय सुआ आणि तुलोउएना या दोन परंपरागत घराण्यांना. ताहिती, हवाई, टोंगा इथे मात्र धागा तुटला. टोंगात तर १८३९ च्या कायद्यात तताववर सरळ बंदी आली. मग शंभर-दीडशे वर्षांनी त्या बेटांच्या वारसांनी शिकायचं कोणाकडून? सामोअनांकडून. हवाईचा कीओने नुनेस पाउलोकडे शिकला आणि त्यानं हवाईची पद्धत पुन्हा उभी केली. हवाईतच राहणाऱ्या आइसेआ तोएतूउ या टोंगन कारागिराला पाउलोच्या सुलुआपे घराण्यानं आपली पदवी दिली, आणि टोंगन नक्षी पुन्हा अंगावर आली. नक्षी आपली, हात शेजाऱ्याकडून शिकलेला.

इथेच जन्मलेली, सामोअन धड न बोलणारी मुलं पेआ कशासाठी घेतात? त्यांना तो हक्क आहे का?

हा प्रश्न मला पाहुणे विचारतात त्यापेक्षा सामोअन आपापसात जास्त विचारतात, आणि त्यात दोन तट आहेत.

एक म्हण सतत ऐकू येते: 'ओ ले आला इ ले पुले ओ ले तौतुआ.' अधिकाराची वाट सेवेतून जाते. तौतुआ म्हणजे घराण्याची, 'आइङा'ची सेवा. मयताला पैसे उभे करणं, मोठ्यांना वाढल्यावर मग जेवणं, वडीलधाऱ्यांनी सांगितलेली कामं मुकाट करणं. जुन्या मंडळींचं म्हणणं असं की पेआ हा तौतुआचा गणवेश आहे. आधी सेवा, मग खूण. ज्याला भाषणाला उभं राहता येत नाही, जो मोठ्यांच्या बैठकीत चहा देताना कोणाला आधी हे ओळखत नाही, त्यानं पेआ घेऊन करायचं काय? इन्स्टाग्रामवर टाकायचा?

दुसरी बाजू त्या गॅरेजमधल्या मुलाची. शाळेत तो 'आयलंडर' होता. सुट्टीत सामोआला गेला की चुलत भावंडं त्याला 'पालाङी' म्हणायची, म्हणजे गोरा. भाषा मोडकी, हातावर उन्हाचा रापही नाही. इथला नाही, तिथलाही नाही. पेआ झाल्यावर काय बदललं असं मी विचारलं. मला वाटलं, अभिमान वगैरे काही बोलेल. तो म्हणाला, "कामं वाढली." चर्चमध्ये कोणाचं काही असलं की आता पहिली हाक त्यालाच. सोङाइमिती आहेस ना, मग चल, वाढायला लाग, चटया वाहा, पाहुण्यांपुढे शर्ट काढून बस. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हातारा त्याच्याशी सामोअनमध्ये बोलतो, त्याला उत्तर देता येत नाही, मान खाली जाते. दोन वर्षांत तो बरा बोलायला लागला.

म्हणजे बेटावर सेवेनंतर पेआ, इथे पेआनंतर सेवा. क्रम उलटा झाला, त्या जुळ्या बहिणींच्या गाण्यासारखा. मला विचाराल तर म्हाताऱ्यांची तक्रार खरी आहे आणि तरीही ही मुलं बरोबर आहेत. परदेशात आधी तयारी आणि मग जबाबदारी असा क्रम धरून बसलात तर जबाबदारीची वेळच येत नाही. अट एकच: हाका मारणारे आजूबाजूला हवेत. ज्या शहरात चर्च नाही, नातलग नाहीत, तिथे एकट्यानं पेआ घेऊन बसलेल्या माणसाचं काय होत असेल, ते मी पाहिलेलं नाही.

वेळापत्रक मात्र इथलंच. तुफुङाच्या विमानाच्या तारखा, शिफ्ट, शिल्लक रजा, यावर मुहूर्त. हसू नका, आपल्याकडे मुंजीचा मुहूर्त हॉलच्या बुकिंगवर ठरतो.

आपल्या गोंदणासारखंच आहे का हे?

माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते आणि हातावर तुळशीवृंदावन. बाजाराच्या दिवशी गोंदणारीण यायची, सुया टोचून काढायची, मोबदला म्हणून पसाभर धान्य. आजी म्हणायची, दागिने इथेच राहणार, गोंदण तेवढं बरोबर येणार. हे मी आमच्या ऑफिसातल्या मालूवाल्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मग तुझ्या हातावर का नाही?"

उत्तर नव्हतं. आईच्या वेळेपर्यंत गोंदण गावंढळ ठरलं होतं. सरळ ब्लाउजच्या बाहीखाली लपवायची गोष्ट.

फरक असा की गोंदण तुकड्यातुकड्यानं येतं. आज विंचू, पुढच्या जत्रेत वृंदावन, राहिलं तर राहिलं. पेआ एकसंध असतो, त्यात माझी निवड, तुझी निवड नसते, आणि 'राहिलं तर राहिलं' नसतंच.

'द रॉक'च्या अंगावर आहे ते हेच ना?

नाही. 'द रॉक' म्हणजे हॉलिवूडचा नट ड्वेन जॉन्सन. त्याच्या छातीवर आणि दंडावर जे आहे ते २००३ मध्ये ताहितीच्या एका कलाकारानं काढलेलं आहे. नक्षी पॉलिनेशियन, गोष्ट त्याच्या घराण्याची, पण तो पेआ नव्हे. पेआ होता त्याच्या आजोबांना, कुस्तीगीर पीटर माइव्हिया यांना. त्यांचे कुस्तीच्या चड्डीतले जुने फोटो पाहा, मांड्या बोलतात.

मी सामोअन नाही. मला काढून घेता येईल का?

कायदा आड येत नाही. पाउलोनं १९७० च्या दशकाच्या अखेरीस टोनी फोमिसन या गोऱ्या चित्रकाराला पूर्ण पेआ ठोकला होता, आणि तेव्हाही घरच्यांत कुरबुर झाली. सुलुआपे घराण्याचे काही तुफुङा बाहेरच्यांना देतात, काही सामोअनांना ते मान्य नाही. माओरींनी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांनी, यावर सरळ तोडगा काढला: वंशावळ सांगणारं गोंदण 'ता मोको' फक्त माओरींचं, बाहेरच्यांसाठी त्याच शैलीतली पण वंशावळ नसलेली 'किरितुही'. सामोअनांकडे अशी दोन खाती नाहीत.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते: नको. खूण घेतलीत तर तौतुआ कोणाची करणार? हाक कोण मारणार? पुण्यात पेआ घेऊन काय, चटया कोणाच्या वाहणार? हौस असेल तर आजीचं वृंदावन काढून घ्या, ते काढणारे हात कमी होत चालले आहेत.

दंडावर इंटरनेटवरून छापलेली 'पॉलिनेशियन डिझाइन' काढणाऱ्यांना सामोअन फारसे बोलत नाहीत, गालात हसतात. कंपन्यांना मात्र सोडत नाहीत. २०१३ मध्ये नायकेनं पेआची नक्षी छापलेल्या लेगिंग्ज काढल्या, त्याही बायकांसाठी. म्हणजे पुरुषांचा पेआ, ज्यासाठी लोक आठवडे रक्त सांडतात, तो बायकांच्या व्यायामाच्या चड्डीवर. ओरड झाली, नायकेनं माफी मागून माल मागे घेतला. २०१६ मध्ये डिस्नीनं लहान मुलांसाठी माउई या देवाचा पोशाख आणला, तपकिरी कातडी आणि त्यावर गोंदण असा अंगावर चढवायचा सूट. तोही दुकानांतून काढावा लागला.

नोकरीत अडचण येते का?

पेआ पँटखाली झाकला जातो, त्यामुळे फारशी नाही. चेहऱ्यावरचा माओरी मोको असलेल्यांना जास्त भोगावं लागलं. एअर न्यूझीलंडनं कर्मचाऱ्यांच्या दिसणाऱ्या टॅटूवरची बंदी उठवली ती थेट सप्टेंबर २०१९ मध्ये. त्याच वर्षी जपानमध्ये रग्बी विश्वचषक होता. तिथे गोंदण म्हणजे याकुझा, गुंडांच्या टोळ्या, असा समज. म्हणून सामोआच्या खेळाडूंनी सार्वजनिक पोहण्याच्या तलावांत अंग झाकलं. यजमानाच्या घरी त्याची रीत पाळायची, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. २०२० मध्ये हनुवटीवर मोको असलेल्या ननाया महुता न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. तेव्हापासून माझी आई फोनवर त्यांना 'ती गोंदणवाली मंत्रीण' म्हणते, आणि कौतुकानं म्हणते.

चर्चला चालतं?

गॅरेजमध्ये रोजचं काम प्रार्थनेनं सुरू व्हायचं. यावरून काय ते समजा. काही पंथांची आणि काही धर्मगुरूंची नाराजी आजही आहे.

जंतुसंसर्ग?

धोका खरा आहे. जखम मोठी, भाग कमरेखालचा, दिवस अनेक. सुळे आणि लाकूड उकळून निर्जंतुक करणं कठीण, म्हणूनच स्टीलचे दाते, हातमोजे, प्लास्टिकनं झाकलेल्या उशा आल्या. न्यूझीलंडच्या आरोग्य मंत्रालयानं २०१० मध्ये पारंपरिक ततावसाठी खास मार्गदर्शक सूचना काढल्या. ताप आला, लाली पसरायला लागली तर डॉक्टरकडे जायचं, आजीच्या तेलाकडे नाही. काही घरांत हे सांगणं जड जातं.

खर्च किती?

दरपत्रक नसतं. तुफुङाला पैसे देतात, पण त्याबरोबर 'इए तोङा', बारीक विणीच्या चटया, ज्या विणायला महिने लागतात आणि ज्यांची किंमत पैशात करणं असभ्य समजतात. शिवाय तो आणि मदतनीस जितके दिवस आहेत तितके दिवस त्यांचं जेवणखाण. सगळं घराणं मिळून उभं करतं. आमच्या ऑफिसात त्यासाठी पाकीट फिरलं होतं, त्यात मीही टाकले. किती ते सांगत नाही.

ऑकलंडला आलो तर हे बघता कुठे येईल?

मार्चमध्ये या. पॉलीफेस्ट असतो, शाळांच्या मुलामुलींचे नाच, १९७६ मध्ये ओतारातल्या हिलरी कॉलेजात सुरू झालेला. सामोअन मंचापुढे गवतावर जागा धरा, टोपी आणि पाणी न्या. शेवटी तौआलुङा येतो तेव्हा मागे-पुढे कोणीतरी मोठी माणसं उत्साहानं ओरडत नाचायला लागतात, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांकडे लक्ष ठेवा. वेलिंग्टनला गेलात तर 'ते पापा' नावाच्या संग्रहालयात जुनी हत्यारं पाहता येतील.

बाजारातल्या गृहस्थांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गेल्या वर्षी आमच्या मावशींनी काढला. ते काही बोलले नाहीत, फक्त टारोचा भाव दोन डॉलरनं वाढवून सांगितला.